झाकण नसलेला संगणक

‘घरी जोडलेला संगणक’ या शब्दांनी मराठीत निदान दोन निराळ्या वस्तू सांगितल्या जातात. पहिली म्हणजे हौशी माणसाने प्रोसेसर, स्मृती आणि इतर सुट्या चिपा स्वतः निवडून, त्यांच्यामधली एकेक तार स्वतः जोडून उभे केलेले यंत्र. दुसरी म्हणजे बाजारातून मदरबोर्ड, कॅबिनेट, वीजपुरवठ्याचे खोके आणि डिस्क आणून स्क्रू-ड्रायव्हरच्या बळावर तासाभरात सिद्ध होणारे, दुकानदारांच्या भाषेत ‘असेंबल्ड’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र. इंदूरमध्ये या दोहोंच्या मधली एक तिसरी वस्तू तयार होते. तिला मायक्रोप्रोसेसर ट्रेनर किट म्हणतात. पसरट पेटीत किंवा नुसत्या पाटीवर सगळे भाग उघडे मांडलेला, झाकणाखाली काहीही न लपवणारा असा हा पूर्ण संगणक असतो, आणि देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत गेल्या तीन-चार दशकांत शिकलेल्या असंख्य विद्यार्थ्यांचा यंत्राच्या आतल्या व्यवहाराशी पहिला परिचय अशाच एखाद्या किटाने करून दिलेला आहे. संगणकाच्या हौसेचा विचार करताना ही तिसरी वस्तू सहसा जमेस धरली जात नाही, कारण ती हौसेने विकत घेतली जात नाही, अभ्यासक्रमाने गळ्यात मारलेली असते. तरीही स्वतः यंत्र घडवून ते चारचौघांत मांडण्याच्या वृत्तीचा मागोवा या शहरात घ्यायचा झाला तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

ही किटे बनवणारे कारखाने परदेशीपुऱ्यातल्या ‘इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स’ या औद्योगिक वसाहतीत आहेत. सायंटेक टेक्नॉलॉजीज आणि एनव्हिस टेक्नॉलॉजीज ही तिथली दोन ठळक नावे असून ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या बदलत्या दाबाचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण, यापासून ते ८०८५ या प्रोसेसरवर आधारलेल्या ट्रेनरपर्यंत प्रयोगशाळांना लागणारी नाना उपकरणे ही मंडळी तयार करतात. परदेशीपुरा हा मात्र मुळात गिरण्यांचा परिसर आहे. मालवा, कल्याण, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी आणि भंडारी या कापडगिरण्यांनी विसाव्या शतकात इंदूरला औद्योगिक शहर बनवले, त्यांच्या कामगारांच्या वस्त्या याच बाजूला वसल्या, आणि हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली तेव्हा या भागातल्या हजारो घरांची कमाई एका दिवसात थांबली. इलेक्ट्रॉनिक वसाहत आणि गिरणगाव यांचे हे शेजारपण योगायोगाचे असेल, पण या दोन्ही ठिकाणी एक समान कला नांदताना दिसते.

ती कला म्हणजे झांकी. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये निघणारी चित्ररथांची मिरवणूक शतकाच्या आसपासची जुनी असून तिची सुरुवात गिरणीकामगारांनी केली. होळकरांच्या या शहरात गणेशोत्सव मराठी माणसांबरोबर रुजला खरा, परंतु विसर्जनाच्या मिरवणुकीला यंत्रांचे प्रदर्शन बनवण्याचे श्रेय गिरण्यांमधल्या फिटर, सुतार आणि वायरमन यांचे आहे. पुराणातला किंवा चालू घडामोडींतला एखादा प्रसंग घ्यायचा, त्यातल्या बाहुल्यांचे हात, माना आणि शस्त्रे मोटारींनी व तरफांनी हलवायची, मागे दिव्यांच्या धावत्या ओळी सोडायच्या आणि रात्रभर, पहाटेपर्यंत, जेलरोड आणि राजवाड्याच्या गर्दीतून ते सारे फिरवायचे, असा हा खेळ आहे. गिरण्या बंद झाल्या तरी त्यांच्या नावाच्या गणेशोत्सव समित्या वर्गणी आणि मदत गोळा करून झांक्या काढत राहिल्या. कारखाना उरला नाही, पण कारखान्याच्या कौशल्याचे वार्षिक प्रदर्शन मात्र उरले. उद्योगाच्या इतिहासात ही गोष्ट फारशी आढळत नाही.

झांकीचा संगणकाशी संबंध जोडणे ओढूनताणून केल्यासारखे वाटू शकते, म्हणून धावत्या दिव्यांचे तंत्र थोडे तपशिलाने पाहणे बरे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक स्वस्त होण्यापूर्वी रोषणाईच्या कामात रूढ असलेली एक पद्धत अशी होती की एका लाकडी रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या, रूळ छोट्या मोटारीने फिरवायचा आणि पट्ट्यांना टेकणाऱ्या पात्यांमधून दिव्यांच्या वेगवेगळ्या माळांना वीज द्यायची. पट्टी जिथे असेल तिथे माळ पेटणार, जिथे नसेल तिथे विझणार. पट्ट्यांची मांडणी बदलली की दिव्यांचा नाच बदलतो. तांबे आहे किंवा नाही, एवढ्या दोनच चिन्हांत लिहिलेली, क्रमाने वाचली जाणारी आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी ही आज्ञावली आहे, आणि आज्ञावलीची व्याख्या याहून फार निराळी करता येत नाही. ज्याला रूळ दिसतो त्याला दिवे का पळतात हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

किटाचे सामर्थ्यही याच दृश्यतेत आहे. इंटेल कंपनीने १९७६ मध्ये आणलेला ८०८५ हा आठ-बिट प्रोसेसर आहे, म्हणजे तो एका वेळी आठ शून्य-एकांचा गट हाताळतो. त्याच्यात सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर आहेत आणि नावातला शेवटचा पाच हा आकडा तो केवळ पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालतो याची खूण आहे, कारण त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन निरनिराळे व्होल्टेज पुरवावे लागत. चाळीस पायांच्या या चिपेला स्मृतीतल्या ६५,५३६ जागांपैकी कोणतीही जागा दाखवण्यासाठी सोळा तारा लागतात आणि मजकूर नेण्या-आणण्यासाठी आणखी आठ. पाय अपुरे पडतात म्हणून आठ पायांवरून आधी पत्त्याचा अर्धा भाग आणि मग मजकूर असे पाळीपाळीने पाठवले जाते, आणि या दोन पाळ्यांमध्ये पत्ता पकडून ठेवण्यासाठी लॅच नावाची निराळी चिप बसवलेली असते. पुस्तकात हे वाचताना विद्यार्थ्याचे डोळे मिटू लागतात. किटावर मात्र ती चिप बोटाने दाखवता येते, तिच्या पायांवर ऑसिलोस्कोपचे टोक टेकवता येते, आणि पत्ता येऊन गेल्यावर मजकूर आल्याचे हिरव्या रेषांत बघता येते.

किटाला पडदा नसतो, उंदीर नसतो, बहुधा अक्षरांचा कीबोर्डही नसतो. शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशा सोळा कळा, त्यांच्या शेजारी ‘रीसेट’, ‘नेक्स्ट’, ‘गो’ यांसारख्या काही आज्ञाकळा आणि वर सहा आकडे दाखवणारी लाल दिव्यांची पट्टी, एवढाच त्याचा चेहरा. सोळाच कळा का, तर आठ बिटांचा गट दोन चिन्हांत लिहिता यावा म्हणून इथे दहाऐवजी सोळा चिन्हांची मोजणी वापरतात. आणि आकडे सहाच का, तर सोळा बिटांच्या पत्त्याला चार चिन्हे लागतात व त्या पत्त्यावरच्या मजकुराला दोन. पाच आणि तीन यांची बेरीज करायची असेल तर ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६ असे नऊ बाइट एकामागून एक टिपावे लागतात: ३ई म्हणजे पुढचा अंक पहिल्या कप्प्यात ठेव, ०६ म्हणजे पुढचा अंक दुसऱ्या कप्प्यात ठेव, ८० म्हणजे दोन्ही मिळव, ३२ म्हणजे उत्तर अमुक पत्त्यावर नेऊन ठेव, ७६ म्हणजे थांब. उत्तर ठेवण्याचा पत्ता २०५० असला तरी तो ५०, २० असा उलटा लिहायचा असतो, कारण हा प्रोसेसर धाकटा भाग आधी मागतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांनी या उलट्या क्रमाची पुष्कळ समजूत घातली आहे, परंतु ज्या भाषांच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शब्दांनी संख्या सांगताना एकक आधी आणि सहस्र शेवटी येत असे, त्या भाषांच्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

या सगळ्या खटाटोपानंतर २०५० हा पत्ता उघडला की पट्टीवर ०८ उमटते. आठ हे उत्तर बालवाडीतले मूलही देते. किटासमोरच्या विद्यार्थ्याला मिळते ते निराळेच काही असते, कारण आकडा कोणत्या वाटेने तिथे पोहोचला याचा प्रत्येक टप्पा त्याच्या बोटांखालून गेलेला असतो. वीज गेली की अर्थातच सारे पुसले जाते. ज्या राज्यात २००३ ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी यांवर लढली गेली, तिथे कायमची आणि तात्पुरती स्मृती यांतला भेद शिकवायला प्राध्यापकांना वेगळे उदाहरण शोधावे लागले नसणार. कळा वाचणारी आणि आकडे उजळणारी मूळ आज्ञावली मात्र वीज गेल्यावरही टिकते, कारण ती ईप्रॉम नावाच्या चिपेत असते; जुन्या ईप्रॉमच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असे आणि तिच्यातून अतिनील प्रकाश पाडला की मजकूर पुसला जाई, म्हणून त्या खिडकीवर कागदाचा तुकडा चिकटवलेला असे. आत काय आहे ते खिडकीतून खरोखर पाहता येईल अशा मोजक्या चिपांपैकी ही एक होती.

जगात घरगुती संगणकाची हौस जिथून पसरली असे मानतात, त्या अमेरिकेतही सुरुवात अशाच उघड्या चेहऱ्याने झाली. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० हा संगणक सुट्या भागांच्या रूपात सुमारे चारशे डॉलरना मिळत असे, त्याची मूळ स्मृती अवघी २५६ बाइटची होती आणि दर्शनी बाजूला फक्त खटके आणि दिवे होते. खटके वर-खाली करून एकेक बाइट भरायचा आणि उत्तर दिव्यांच्या ओळीत वाचायचे. त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. या मंडळाचा प्राण व्याख्यानांत नव्हता, आपण केलेले यंत्र आणून टेबलावर मांडण्यात होता. स्टीव्ह डॉम्पिअर या सभासदाने त्याच वसंतात आपला अल्टेअर एका साध्या रेडिओशेजारी ठेवला आणि प्रोसेसरच्या कामामुळे रेडिओत होणारी खरखर अशा बेताने घडवली की तीतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल ऐकू आली. यंत्राला आवाज काढण्याची सोयच नव्हती. दोषालाच वाद्य केले गेले. स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी घडवलेला ॲपल-१ हा १९७६ चा संगणकही याच मंडळात मांडला गेला, आणि तो विकतानाही नुसती पाटीच दिली जात असे: पेटी, कीबोर्ड, वीजपुरवठा ज्याचा त्याने जमवायचा, त्यामुळे काही मालकांनी सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या. अशी सुमारे २०० यंत्रे बनली आणि त्यांतले एक ऑक्टोबर २०१४ मध्ये लिलावात ९,०५,००० डॉलरना गेले.

भारतात याच काळात गॅरेजे नव्हती असे म्हणून हा विषय संपवण्याची पद्धत आहे, पण ते उत्तर आळशी आहे. स्वतः यंत्र घडवण्याची हिंमत इथे आधीपासून होती: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचा टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण केला, आणि तोही एका अर्थी घरी जोडलेलाच होता, कारण तो जोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक पाहिलाही नव्हता. तुटवडा होता तो सुट्या चिपांचा. आयातीवर परवान्यांचे कुंपण होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि इंदूरचा महाराणी रोड अशा बाजारांत मिळेल त्या भागांवर रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर करणारे कुशल हात पुष्कळ होते, परंतु प्रोसेसर आणि स्मृती या दोन गोष्टी हौसेच्या खिशाला परवडत नव्हत्या. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने ही कोंडी काहीशी फुटली. त्याच सुमारास ‘क्लास’ या सरकारी योजनेतून २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश घरगुती संगणक पोहोचले, आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स या कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रमची परवान्याने बनवलेली भारतीय आवृत्ती बाजारात आणली, जी घरातल्या दूरदर्शनसंचाला जोडता येई आणि आज्ञावल्या कॅसेटवर साठवी.

या यंत्रांना इथे मुळे धरायला वेळ मिळाला नाही. आयबीएमने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक आणताना त्याचे विद्युत-आराखडे आणि मूळ आज्ञावलीही पुस्तकात छापली होती. तैवान आणि इतरत्र त्याच्या सुसंगत प्रती निघू लागल्यावर संगणक ही एका कंपनीची वस्तू राहिली नाही, ती परस्परांशी जुळणाऱ्या भागांची यादी झाली. इंदूरमध्ये रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये या यादीचा बाजार भरतो. कंपनीचा शिक्का असलेल्या यंत्रापेक्षा असेंबल्ड यंत्र स्वस्त पडे, बिघडलेला एकच भाग बदलता येई, आणि स्मृती वाढवायची तर नवे यंत्र घ्यावे लागत नसे. मध्यमवर्गीय घराला याहून अधिक कारणांची गरज नव्हती. अमेरिकेत जोडणी ही हौस होती ती इथे धंदा बनली, आणि या बदलाची किंमत अशी की ग्राहकाने यंत्राच्या आत पाहण्याचे कारणच उरले नाही. मळकट पांढऱ्या पत्र्याचा डबा बंद झाला की त्यावर प्लॅस्टिकचे कव्हर चढे, आणि घरात ते कव्हर काढण्याचाही एक मान असे.

पांढऱ्या पत्र्याच्या जागी आता काच आली आहे. खेळांसाठी संगणक जोडणारी तरुण मंडळी एका बाजूला कडक काच असलेले कॅबिनेट निवडतात, पंख्यांना आणि स्मृतीच्या पट्ट्यांना रंग बदलणारे दिवे लावतात, तारा पाठीमागून ओढून घेतात आणि मग ते यंत्र भिंतीशी न ठेवता टेबलाच्या दर्शनी बाजूला मांडतात. या हौसेला उथळ म्हणण्याची घाई करू नये. हवा कुठून आत यावी आणि तापून कुठून बाहेर जावी याचा विचार, द्रवाने उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांची आखणी, तारांची शिस्त, या साऱ्यांत कारागिरी असते आणि ती जाणकाराला लगेच कळते. तरीही एक फरक उरतोच. अल्टेअरचा दिवा पेटे तेव्हा पत्त्याची एक विशिष्ट तार त्या क्षणी एकवर होती असा त्याचा अर्थ असे. काचेतला दिवा जांभळा झाला तर त्यावरून आतल्या हिशेबाविषयी काहीच कळत नाही. सेकंदाला अब्जावधी ठोके पडणाऱ्या यंत्राचे काम डोळ्यांना दिसणे शक्यही नाही, त्यामुळे दोष जोडणाऱ्याचा नाही, पण झांकीतला धावता दिवा रुळाशी जितका प्रामाणिक असे तितका हा दिवा प्रोसेसरशी नसतो, एवढे नोंदवणे आवश्यक आहे.

काम दिसावे म्हणून यंत्र मुद्दाम मोठे आणि संथ करणारेही आहेत. इंग्लंडमधल्या केंब्रिजचे जेम्स न्यूमन यांनी २०१६ मध्ये पूर्ण केलेला मेगाप्रोसेसर हा सुमारे दहा मीटर लांब आणि दोन मीटर उंच असून त्यात चाळीस हजारांहून अधिक सुटे ट्रान्झिस्टर हाताने बसवलेले आहेत आणि जवळजवळ दहा हजार दिवे प्रत्येक निर्णयाची अवस्था दाखवतात. एखाद्या नखाएवढ्या चिपेत जे घडते ते तिथे खोलीभर पसरलेले दिसते, आणि एवढा पसारा अखेर टेट्रिस हा खेळ खेळून दाखवतो. तो घरात उभारला गेला आणि पुढे केंब्रिजच्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात गेला. इंदूरच्या माणसाला त्याचे छायाचित्र दाखवले तर तो त्याला झांकीच म्हणेल, आणि ते वर्णन चुकीचे ठरणार नाही.

यंत्र चारचौघांत मांडायचे तर त्याने पाहणाऱ्याच्या भाषेत बोलणे ओघाने येते, आणि इथे किटाची मर्यादा उघडी पडते. त्याच्या पट्टीवरच्या सात रेघांच्या आकड्यात रोमन लिपीही जेमतेम बसते, बी आणि डी धाकट्या वळणाने लिहावी लागतात. देवनागरीचा तर प्रश्नच नाही. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत १९८३ च्या सुमारास आकाराला आले, मोहन तांबे यांनी ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये नेले, आणि त्यातून निघालेले जिस्ट कार्ड कोणत्याही असेंबल्ड यंत्राच्या रिकाम्या खाचेत बसवता येई, ज्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या देवनागरीतही चालत. वेबदुनिया हे हिंदी संकेतस्थळ १९९९ मध्ये इंदूरमधूनच सुरू झाले आणि पुढे ते मराठीतही आले. यंत्र उघडून पाहण्याची हौस आणि आपल्या लिपीत ते बोलते करण्याची हौस एकाच शहरात नांदत असूनही त्यांची एकमेकींशी फारशी गाठ पडलेली दिसत नाही, ही गोष्ट थोडी खटकते.

त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला घरगुती संगणकाचे एक अनपेक्षित नाते सापडते. १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि दिलीप भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला आज राजा रामण्णा यांचे नाव आहे, इंदूस-१ आणि इंदूस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रे आहेत. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनना वर्तुळाकार नळीत प्रचंड वेगाने फिरवून त्यांच्यापासून तीव्र प्रकाश मिळवणारे यंत्र. इंदूस-२ चा परीघ १७२.५ मीटर असून त्याच्या नियंत्रणव्यवस्थेत मोटोरोलाच्या ६८००० कुळातले प्रोसेसर वापरले गेले, म्हणजे सुरुवातीच्या मॅकिन्टॉश, अमिगा आणि अटारी एसटी या घरगुती संगणकांत जो वंश होता तोच. घरात मुलांनी ज्यावर चित्रे काढली आणि खेळ खेळले, त्याच घराण्याच्या चिपांनी इथे चुंबकांचे वीजप्रवाह सांभाळले.

जुन्या प्रोसेसरांचे आयुष्य आता संपत आले आहे. ८०८५ चा जवळचा नातलग असलेला झेड-८० हा प्रोसेसर १९७६ पासून अखंड बनत होता. त्याच्या मूळ स्वरूपातल्या चिपांची शेवटची मागणी जून २०२४ पर्यंत नोंदवून घेतली गेली आणि त्यानंतर ते उत्पादन थांबले. घरी संगणक जोडणारे जगभरचे हौशी या बातमीने हळहळले, काहींनी नळ्यानळ्या भरून साठा करून ठेवला. रास्पबेरी पायसारखी पस्तीस डॉलरच्या किमतीने २०१२ मध्ये सुरू झालेली चिमुकली पाटी आज त्यांच्या जागी हजारपटींनी अधिक काम करते, मात्र तिच्यावर लॅचची चिप बोटाने दाखवता येत नाही, कारण ती सगळ्यांसह एकाच काळ्या चौकोनात गेलेली आहे. परदेशीपुऱ्यातल्या किटांनाही संगणकाला जोडणारी तार आली आहे, आज्ञावली पडद्यावर लिहून किटात उतरवता येते आणि नऊ बाइट टिपण्याचा त्रास वाचतो. सोळा कळांची फळी मात्र निर्मात्यांनी काढलेली नाही, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ३ई म्हणजे काय हे परीक्षक आजही तोंडी विचारतात.